दंशाचा पुरावा आणि सैनिकाचे अपंगत्व

जबलपूर ही सैनिकांची नगरी होय. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या रेजिमेंटांची केंद्रे येथे आहेत. माजी सैनिकांच्या निवृत्तिवेतनाचे तंटे ऐकणाऱ्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचे एक पीठही येथे आहे. अशा तंट्यांत दोन प्रश्न वारंवार उभे राहतात : आजार सेवेमुळे जडला काय, आणि त्याने माणसाची शक्ती शेकडा किती हिरावली?

गोळीची जखम डोळ्यांना दिसते. गोचिडीचा दंश बहुधा ध्यानातही येत नाही. लाइम रोगाचे उदाहरण घ्यावे. अमेरिकेतील लाइम गावच्या परिसरात मुलांचे सांधे सुजू लागले, त्यावरून १९७५ साली या रोगाचा तपास सुरू झाला; १९८२ मध्ये त्याच्या मळसूत्री जंतूची ओळख जगास झाली. त्वचेवरील लाल चट्टा काही रोग्यांत उमटतच नाही. रक्तातील प्रतिपिंडे आरंभी सापडत नाहीत, आणि उपचारानंतरही वर्षानुवर्षे टिकू शकतात. तेव्हा केवळ रक्तपरीक्षेवर निवाडा करणे अशास्त्रीय ठरेल.

उपचारानंतरही काहींचा थकवा व सांधेदुखी हटत नाही. जंतू शरीरात दडून राहतो हे सिद्ध झालेले नाही, आणि महिनोन्महिने प्रतिजैविके देऊन टिकाऊ लाभ झाल्याचे चाचण्यांत दिसलेले नाही. परंतु कारण अनिश्चित आहे म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या नियमांत रोग सक्रिय असेतो शंभर टक्के अपंगत्व धरतात. पुढे जी हानी उरेल, तिचे अवयवानुसार मापन करतात. हा विवेक अनुकरणीय आहे.

भारतात लाइम रोगाची नोंद विरळ आहे. तथापि माइट नावाच्या सूक्ष्म जीवाच्या अळीच्या दंशाने होणारा स्क्रब टायफस येथे आढळतो. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेश आघाडीवरील सैन्याला त्याने ग्रासले होते. झाडाझुडपांत पहारा देणाऱ्याने आपणास कोणता जीव केव्हा चावला, याचा दाखला कोठून आणावा?

धरमवीर सिंग यांच्या अपस्माराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये १९८२ च्या नियमांचा अर्थ लावला : भरतीच्या वेळी रोगाची नोंद नसेल, तर पुढील बिघाड सेवेमुळे झाला असे गृहीत धरावे, पुराव्याचा भार सैनिकावर नसावा. २०२३ मध्ये नवे नियम आले, तरी या निर्णयामागील न्यायबुद्धी जुनी होत नाही. ठाण्यावरच ताप, चट्टा व दंश यांची तत्काळ नोंद व्हावी, आणि मागणी नाकारणाऱ्या वैद्यकीय मंडळाने कारणे लिहावीत. शास्त्राला जेथे निश्चित उत्तर देता येत नाही, तेथील संशयाचा लाभ सैनिकास मिळाला पाहिजे.