फोन आमचा, खर्च आमचा, घंटी त्यांची



जिल्ह्याच्या बैठकीत बोलायचे ते भावावर, आयातीवर, कर्जावर. फोनवर काय बोलायचे, असे कोणी म्हणेल. मीही तेच म्हणत होतो. २०२४ च्या पोळ्यापर्यंत.

त्या साली पोळा २ सप्टेंबरला आला. आदल्या दिवसापासून मराठवाड्यात आणि त्याला लागून असलेल्या विदर्भाच्या भागात पावसाने जो धिंगाणा घातला तो सगळ्यांना आठवत असेल. बैलांना झूल घालायची सोय राहिली नाही. नाल्याकाठच्या माझ्या वावरात पऱ्हाटी कमरेइतकी झाली होती, पात्या-फुले लागली होती, खालची बोंडे भरत होती. तिच्यात गुडघाभर पाणी. विमा काढलेला होता, त्या वेळी तो एक रुपयात निघत होता. नियम असा की नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कंपनीला कळवायचे. कळवले नाही तर नुकसान झालेच नाही!

मी कळवले. कसे कळवले ते सांगतो. कंपनीच्या निःशुल्क क्रमांकावर पहिल्या दिवशी अकरा वेळा फोन लावला. मराठीसाठी अमुक दाबा, पिकासाठी तमुक दाबा, सगळे दाबले. मग वाजंत्री सुरू. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असे एक बाई मधून मधून सांगत होत्या. महत्त्वाचा होता म्हणूनच बहुधा त्यांनी तो उचलून खर्ची घातला नाही. दुसऱ्या दिवशी वीज नाही, फोनची बॅटरी संपली, मोटारसायकलच्या दुकानात जाऊन ती भरून घेतली. तिसऱ्या दिवशी भाच्याने ॲपवर फोटो चढवला, एकदाची नोंद झाली, क्रमांक मिळाला. ७२ तासांच्या आत. मी निर्धास्त झालो.

त्यानंतर चार दिवसांनी मी आणि शेजारी वावरातून पाणी काढून देण्यासाठी चर खणत होतो. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, सदऱ्याच्या खिशात. सकाळपासून चार वेळा वाजला होता. एका पोरीने सांगितले, सर, तुम्हाला पाच लाखांचे कर्ज मंजूर झाले आहे. (मला आयुष्यात सर म्हणणारे हेच लोक. बँकेत गेलो तर शिपाईसुद्धा म्हणत नाही.) दुसऱ्याला मला नागपूरजवळ प्लॉट द्यायचा होता. तिसरा म्हणाला, तुमच्या शेतात मोबाईलचा टॉवर बसवतो, लाखो रुपये आगाऊ मिळतील, फक्त नोंदणीचे पैसे भरा. चौथ्याचे काय होते ते आठवत नाही. पाचव्यांदा वाजला तेव्हा हात चिखलाने भरलेले. दहा आकडी अनोळखी नंबर. समोरचा "सर, मी..." एवढे म्हणाला आणि मी ओरडलो, "नको बाबा, आम्हाला काही नको," आणि फोन कापला.

तो विमा कंपनीचा पाहणीला आलेला माणूस होता. फाट्यावर उभा राहून वावर कोणते ते विचारत होता.

हे मला कळले दिवाळीनंतर, तालुक्याला चकरा मारल्यावर. माझ्या नावापुढे शेरा होता, शेतकऱ्याशी संपर्क झाला नाही. धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याला भरपाई मिळाली. पाणी दोघांच्याही वावरात एकाच नाल्याचे. त्याचा फोन त्या दिवशी घरी होता, त्याच्या सुनेने उचलला, एवढाच फरक.

चूक माझी होती का? होतीच. मी माणसाचे पूर्ण ऐकून घ्यायला हवे होते. पण दिवसातून पाच वेळा दार ठोठावून पळणारी पोरे असतील तर सहाव्या वेळी खरा पाहुणा आला तरी माणूस काठी घेऊनच दार उघडतो. आणि ज्याला पाहणी करायची त्याने टॉवरवाल्या ठगासारख्याच अनोळखी नंबरावरून का फोन करावा? एक फोन उचलला नाही म्हणून संपर्क झाला नाही असे लिहून मोकळे का व्हावे? गावात ग्रामपंचायत आहे, तलाठी आहे, पारावर बसलेली दहा माणसे आहेत. आम्ही कंपनीला गाठायचे तर ७२ तासांचे घड्याळ. कंपनीने आम्हाला गाठायचे तर एक घंटी.

ती योजना आता राहिली नाही. २०२५ च्या खरिपापासून राज्य सरकारने एक रुपयाचा विमा बंद केला. कापसाला शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा विमा रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत, ज्वारीला खरिपात २ आणि रब्बीत दीड टक्का. भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघालेल्या उत्पन्नावर ठेवली. म्हणजे वावरनिहाय तक्रारीचा तो रस्ता त्या साली बंदच केला. योजना बदलतील, पुन्हा येतील. पण घंटी वाजवण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न योजनेबरोबर गेलेला नाही.

जरा हिशेब मांडू. आपण हिशेब मांडणारी माणसे आहोत.

पूर्वी पोस्टाने कागद यायचे. लॉटरी लागली म्हणून, रेडिओ स्वस्तात मिळतो म्हणून. देवीच्या नावाची पत्रे यायची, अशीच वीस पत्रे पाठवा नाही तर घरावर संकट येईल. घरची माणसे घाबरायची, पण एक गोष्ट बरी होती. कचरा पाठवणाऱ्याला तिकीट स्वतःच्या पैशाने लावावे लागे. माझ्या दारात कागद पडला तर त्याचा खर्च त्याला. मला चुलीला जाळण मिळे.

फोनचे उलटे आहे. कंपनीचा कचरा माझ्यापर्यंत पोचावा म्हणून फोन चालू ठेवण्याचे पैसे मी भरतो. २०१८ च्या अखेरीपर्यंत निदान एवढे होते की एकदा लाइफटाइम घेतले की आलेला फोन घ्यायला पैसा पडत नव्हता. म्हाताऱ्या आईला फोन देऊन ठेवावा, लेकीने सासरहून लावावा, इतकेच काम. मग मोठ्या कंपन्यांनी ३५ रुपयांच्या किमान रिचार्जची अट घातली. दर २८ दिवसांनी भरा, नाही तर येणारे फोनही बंद. पुढे तो आकडा वाढत गेला. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर चढवले.

आणि हे २८ दिवस काय प्रकरण आहे? महिना ३० चा, ३१ चा, फेब्रुवारी सोडला तर २८ चा कोणता? २८ दिवसांनी एक याप्रमाणे वर्षात १३ रिचार्ज बसतात. आपल्या पंचांगात अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो, कंपनीच्या पंचांगात दरवर्षी येतो. सावकाराची घेण्याची पायली मोठी आणि देण्याची लहान असे, हे आजोबा सांगायचे. कापसाच्या गाडीवर कडता कापतात तेव्हा निदान काटा डोळ्यांसमोर असतो, दोन शब्द भांडता येते. इथे महिन्यातून दोन-तीन दिवस कापले आणि कोणाच्या ध्यानातही आले नाही. पुन्हा आपल्या हातात पैसा येतो तो सीतादही झाल्यावर, वेचणी निघाल्यावर, वर्षातून एकदा. यांचा हप्ता मात्र तेरा वेळा.

ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण. तिने २०२२ च्या जानेवारीत हुकूम काढला की प्रत्येक कंपनीने निदान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला भरायचा असे प्लॅन ठेवलेच पाहिजेत. डिसेंबर २०२४ मध्ये दुसरा हुकूम आला, ज्याला इंटरनेट नको त्याला फक्त बोलणे आणि मेसेज एवढ्याचे रिचार्ज द्या. त्याप्रमाणे २०२५ च्या जानेवारीत कंपन्यांनी ८४ दिवसांचे आणि वर्षभराचे असे रिचार्ज काढले. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक होते? मला नव्हते. रिचार्जवाला आपणहून सांगत नाही, कंपनी तर सांगणारच नाही. दिवसाला पाच फोन करणाऱ्यांपैकी एकालाही हे सांगायला फोन करावासा वाटला नाही!

फोन नवा आहे, पण ही रीत जुनी आहे. वर्तमानपत्राचे पैसे आपण देतो आणि त्यात कोणाचा माल येतो ते पाहा. २८ ऑगस्ट २०११ च्या टाइम्स ऑफ इंडियात एक पानभर मजकूर आला होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या भांबराजा आणि अंतरगाव या दोन गावांत बीटी कापसाने कसे सोने पिकवले, तिथे आत्महत्या कशा नाहीत, असा. हाच मजकूर ३१ ऑक्टोबर २००८ ला त्याच वर्तमानपत्राच्या नागपूर आवृत्तीत बातमी म्हणून छापला होता. बातमीदारांना गावात नेण्याची सोय बियाण्याचे तंत्रज्ञान विकणाऱ्या महिको मोन्सॅन्टो बायोटेकने केली होती. तीन वर्षांनी तीच बातमी जाहिरात म्हणून आली. मार्केटिंग फीचर असे बारीक अक्षरात लिहिले होते, पण बारीक अक्षर कोण वाचतो? पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१२ च्या मे महिन्यात हिंदू या वर्तमानपत्रात हे सगळे उघड केले. त्याआधी मार्च २०१२ मध्ये संसदेची शेतीविषयक स्थायी समिती भांबराजात येऊन गेली होती, तेव्हा गावकऱ्यांनी तिला आत्महत्यांविषयीच सांगितले होते.

बीटी चांगले की वाईट, हा वाद मी इथे काढत नाही. आपल्यातच त्यावर दोन मते आहेत, आणि बियाणे निवडण्याचा हक्क शेतकऱ्याचा असला पाहिजे हे माझे मत आजही आहे. पण निवडायचे तर माहिती खरी पाहिजे. २००८ मध्ये जी बातमी होती ती २०११ मध्ये जाहिरात झाली, मग ती पहिल्या दिवशी काय होती? आणि त्या दोन गावांतल्या माणसांना आपल्या नावाने कोणी पानभर बोलले हे कळवायला कोणी फोन केला होता काय? टीव्हीचेही तेच. कापसाचा भाव खालच्या पट्टीवरून पळत जातो, वाचून होईपर्यंत सोन्याचा येतो. मग दहा मिनिटे गोरे होण्याच्या मलमाची जाहिरात. ती मात्र पळत नाही.

आता करायचे काय? फोन फेकून देता येत नाही. पीएम किसानचा मेसेज त्यावर येतो, बँकेचा ओटीपी त्यावर येतो. म्हणून चोरही त्याच वाटेने येतात. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके नावाची फाईल येते, उघडली की खाते साफ. असे झाले तर ताबडतोब १९३० ला फोन लावायचा, हे घरातल्या शाळकरी पोरांनाही पाठ करून ठेवा.

जाहिरातीचे फोन बंद करायची सोय आहे, हेही मला उशिरा कळले. १९०९ या क्रमांकावर इंग्रजी अक्षरांत 'स्टार्ट', जागा सोडून शून्य, असा मेसेज पाठवायचा. पैसे पडत नाहीत. नको असलेले विषय वेगवेगळे निवडताही येतात. बँक-विमा, घरे-प्लॉट, शिक्षण, आरोग्य, मोटारी, पर्यटन. त्या यादीत बियाणे-खते-औषधे असा रकानाच नाही. देशातला एवढा मोठा धंदा, पण यादी करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शेतकरी आलाच नाही. म्हणून सरळ शून्य पाठवा. त्यानंतरही फोन आला तर तक्रार त्याच १९०९ वर. आधी तीन दिवसांची मुदत होती, २०२५ पासून सात दिवसांची झाली. कंपन्यांनी जाहिरातीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या आणि बँक-विम्याच्या कामाचे १६० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून करायचे असा नियम झाला आहे. मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी इंग्रजी पी असेल तर जाहिरात, जी असेल तर सरकारी. दहा आकडी नंबरावरून जाहिरात करणाऱ्यांवर २०२४ च्या ऑगस्टमध्ये ट्रायने बडगा उगारला, तेव्हा काही दिवसांत पावणेतीन लाखांवर जोडण्या तोडल्या गेल्या. म्हणजे तोडता येतात. इतकी वर्षे का तोडल्या नाहीत, ते विचारायला हवे.

पण माझी खरी मागणी वेगळी आहे आणि ती बैठकीने ठरावात घ्यावी. विम्याच्या पाहणीला येणाऱ्या माणसाने आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर तारीख, वेळ आणि आपला नंबर लिहावा. शेतकरी भेटला नाही असा शेरा मारायचा असेल तर गावातल्या दोन माणसांच्या सह्यांशिवाय मारू नये. ज्या दिवशी कंपनीचा फोन वाजंत्री वाजवत राहिला, ते तास ७२ तासांत धरू नयेत. फोन लावल्याची नोंद दोन्हीकडे असते, ती कंपनीने लपवायची आणि आमच्या उशिराची मात्र दाखवायची, हे चालणार नाही.

तोवर बैठकीला येताना फोन घेऊन या. आमच्या गावात बारावीतल्या दोन पोरींनी पाराखाली बसून हे काम केले. एका फोनला पाच मिनिटे लागतात, साध्या बटणाच्या फोनवरही होते. शेजारची एक सत्तरीची म्हातारी मात्र फोन हातातून सोडेना. "बंद करशील तं लेकाचा फोन येईन का नाई?" एवढेच विचारत होती. लेक पुण्याला असतो. त्याचा येईल माय, फक्त टॉवरवाल्याचा येणार नाही, असे पोरींनी तीनदा सांगितले. मग तिने कमरेच्या पिशवीतून तो काढला.