दूध नासलं हे इंग्रजीत कुणाला सांगायचं?

‘रोजच्या वापरातली हजार इंग्रजी वाक्यं’ असल्या नावाच्या पीडीएफ आपल्याकडे संक्रांतीच्या तिळगुळासारख्या वाटल्या जातात. त्यातलं कुठलंही पान उघडा. पंखा बंद कर. फुलं तोडू नका. माझ्या बुटाची नाडी सुटली. दूध नासलं. आणि प्रत्येकाखाली देवनागरीत इंग्रजी: ‘द मिल्क हॅज टर्न्ड सावर.’ मला एवढंच विचारायचंय, बार्शीत दूध नासलं तर हे वाक्य ऐकवायचं कुणाला? दूधवाल्याला? सासूला? की ते पिऊन पसार झालेल्या मांजराला?

मराठी माणसाचं घर मराठीत चालतं आणि उत्तम चालतं. त्याला इंग्रजी अडतं ते ठरावीक ठिकाणी. बँकेची मेल आली, चेन्नईहून साहेबाचा फोन आला, पोराच्या शाळेत पालकसभा लागली, विम्याचा क्लेम नामंजूर झाला, मुलाखतीला बोलावणं आलं. या हजार वाक्यांत यातलं काही सापडलं तर मला कळवा. ही वाक्यं गोळा करणाऱ्यानं स्वयंपाकघरापासून अंगणापर्यंत एक फेरी मारली, दिसेल त्याचं भाषांतर केलं आणि त्यावर ‘रोजच्या वापरातली’ असा शिक्का मारून टाकला.

हा उद्योग जुनाच आहे. 1855 साली पेद्रू कारोलिनू नावाच्या गृहस्थानं पोर्तुगीज लोकांसाठी इंग्रजी संभाषणाचं पुस्तक काढलं. त्याला इंग्रजी जवळपास येतच नव्हतं. फ्रेंचच्या आधारानं त्यानं वाक्यं जुळवली. ती इतकी अचाट निघाली की 1883 च्या अमेरिकन आवृत्तीला मार्क ट्वेननं हौसेनं प्रस्तावना लिहिली. त्या पुस्तकावर लोक अजून पोट धरून हसतात. आपण तसलाच माल विकत घेतो आणि वर पाठांतराची फी भरतो.

फीचं निघालंच आहे, तर क्लासकडे वळू. मिठाईच्या दुकानावरचा मजला, अरुंद जिना, भिंतीवर ‘45 दिवसांत फाडफाड इंग्रजी’. माझी भाची पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तिनं असा एक क्लास लावला, म्हणून डेमो लेक्चरला मीही मागच्या बाकावर जाऊन बसलो. टाय लावलेले सर तासभर बोलले. मुलं बोलली ती फक्त ‘येस सर’. त्या दिवशीचा विषय होता ‘व्हेरी टायर्ड’ म्हणणं सोडा. त्याऐवजी एक्झॉस्टेड म्हणा, वेअरी म्हणा, फटीग्ड म्हणा. समोर बसलेल्या पोरांना अर्ध्या दिवसाची रजा इंग्रजीत मागता येत नव्हती आणि सर त्यांना थकण्याचे प्रकार शिकवत होते. रीलवरचे गुरू हेच एका मिनिटात करतात, म्हणून ते निदान कमी वेळ खातात एवढंच.

क्लास संपल्यावर काय झालं तेही सांगतो. लॅबमध्ये बाहेरगावच्या एका डॉक्टरचा फोन आला. भाची म्हणाली, ‘गुड मॉर्निंग, हाऊ मे आय हेल्प यू?’ अगदी खणखणीत. पलीकडून डॉक्टर भरभर काहीतरी बोलले: कुठल्या तरी सॅम्पलचा रिपोर्ट पटत नाही, पुन्हा लावा, असं काहीसं. हिनं रिसीव्हर शेजारच्या मुलीच्या हातात दिला. पाठ केलेल्या वाक्यांची गोम ही आहे. समोरच्यानं पुस्तक वाचलेलं नसतं, त्यामुळे तो पुस्तकातलं उत्तर देत नाही. ‘सॉरी, जरा सावकाश सांगता का’ एवढं इंग्रजीत म्हणता आलं असतं तरी निभावलं असतं. पण ऐकायचं कसं आणि कळलं नाही तर अडवायचं कसं, हे त्या 45 दिवसांत कुठेच नव्हतं.

किती शब्द लागतात याचा हिशेब तर कधीच होऊन गेलाय. सी. के. ऑग्डेन या भाषाअभ्यासकानं 1930 साली ‘बेसिक इंग्लिश’ मांडलं ते 850 शब्दांचं, आणि त्यात क्रियापदं फक्त 18. मायकेल वेस्ट नावाचा शिक्षक इंग्रजांच्या काळात ढाक्याला होता. बंगाली मुलांना शिकवता शिकवता त्यानं मोजक्या शब्दांत लिहिलेली वाचनाची पुस्तकं काढली. पुढे 1953 साली सर्वाधिक लागणाऱ्या सुमारे 2000 शब्दांची त्याची यादी छापली गेली. म्हणजे आपल्यासारख्याच पोरांसमोर उभं राहून केलेलं काम तयार पडलेलं आहे. पण साध्या शब्दांत लिहिलेल्या गोष्टी ढिगानं वाचायला लावल्या तर पुढची बॅच कशी भरणार?

शिवाय आपल्या माणसाची पाटी कोरी नसतेच. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला मेस्त्री घ्या. लेथ, चक, बोअर, गेज, टॉलरन्स, जॉब, रिजेक्शन हे शब्द त्याच्या तोंडात दिवसभर असतात आणि ड्रॉइंग त्याला इंजिनिअरपेक्षा लवकर कळतं. त्याचं अडतं ते पुढेच. माल आलाच नाही, आला तर शुक्रवारी पाठवू, ड्रॉइंगमधला आकडा चुकल्यामुळे हे झालं. म्हणजे नकार, काळ, कारण आणि जर-तर. चार सांधे बसवून द्या, तो उद्या गिऱ्हाईकाला मेल टाकेल. क्लास त्याला काय देतो? भाज्यांची नावं.

याहून वाईट म्हणजे या याद्या सभ्य माणसाला उद्धट करून सोडतात. आपण ‘पाणी द्या ना’ म्हणतो तेव्हा ‘द्या’ आणि ‘ना’ मिळून आदबीचं सगळं काम उरकतात. यादीत त्याचं ‘गिव्ह मी वॉटर’ होतं, आणि आयुष्यात कुणाला ‘अरे’ न म्हटलेला माणूस परक्या ऑफिसात हुकूम सोडतो. इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच, त्यामुळे तिथली आदब ‘कुड यू’, ‘वुड यू’ यांच्यात जाऊन बसलेली असते. ते शिकवायला सरांना स्वतःला भाषा यावी लागते, हीच तर पंचाईत.

शाळेकडे बोट दाखवा म्हणाल तर दाखवतो. महाराष्ट्रानं 2000 साली पहिलीपासून इंग्रजी आणलं. 2022 च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीतल्या साधारण चौथ्या हिश्शाच्या मुलांनाच इंग्रजीतली सोपी वाक्यं वाचता येत होती. उरलेली मुलं पुढे जाऊन क्लासवाल्यांचीच गिऱ्हाइकं होतात.

त्यांना गाठतात ते लाजेच्या दोरीनं. जाहिरातीतलं चित्र ठरलेलं: डावीकडे मान खाली घातलेला पोरगा, उजवीकडे तोच पोरगा कोट घालून. खाली प्रश्न, ‘इंग्रजी येत नाही म्हणून चारचौघांत अपमान होतो?’ होत नसेल तर ही जाहिरात वाचून होतो. इंग्रजी बोलायला शिकवणाऱ्या जुन्या रॅपिडेक्स पुस्तकाच्या जाहिरातीत निदान कपिल देव तरी होता. आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला रटाळ असेल, पण तिच्यातली वाक्यं तुम्हाला स्वतः घाम गाळून करावी लागत. आयती गिळायला मिळत नसत. आताचा क्लास आधी लाज विकतो, मग तिच्यावरचं औषध. औषध लागू पडत नाही, तेव्हा ‘अॅडव्हान्स बॅच’ विकतो.

तरीही कुणाला क्लास लावायचाच असेल तर लावा बापडे. फक्त पैसे भरण्याआधी एक दिवस मागे बसून ऐका कोण जास्त बोलतं. सरच बोलत असतील, तर मुकाट जिना उतरा. आधीच भरले असतील तर परत मागा, आणि मागताना मराठीतच भांडा. तिथं तरी शब्द कमी पडायला नकोत.