संथ पाण्यावरचा ऐषाराम आणि कालव्यामागचे श्रम

फ्रान्सच्या कालव्यांवरून तरंगत्या हॉटेलात बसून एक आठवडा घालवणे ही आज जगातील धनिक वर्गाची एक आवडती करमणूक होऊन बसली आहे. एकेकाळी कोळसा, धान्य, वाळू आणि मद्याची पिंपे वाहून नेणारी जुनी बार्ज घ्यायची, तिच्या पोटातील मालाची कोठी मोकळी करून तेथे गालिचे, स्नानगृहे आणि शयनकक्ष बसवायचे, आणि बर्गंडीच्या द्राक्षमळ्यांमधून किंवा दक्षिणेकडील मिदी कालव्यावरून ती हळूहळू हाकायची, असा हा धंदा आहे. पाहुणे साधारणपणे आठ-दहा किंवा बारा. त्यांच्या दिमतीला कप्तान, आचारी, मार्गदर्शक आणि खोल्या झाडणारे-आवरणारे असे चार-सहा नोकर. बार्जचा वेग माणसाच्या भरभर चालीहून फारसा अधिक नसतो. आठवड्याच्या अखेरीस शंभरएक किलोमीटरचे अंतरही पुरते कापले जात नाही. या आठवड्यासाठी दरडोई पाच-सहा हजार युरो किंवा त्याहूनही अधिक रक्कम मोजावी लागते. फ्रान्समध्ये २०२४ साली किमान वेतनावर राबणाऱ्या कामगाराच्या हाती महिन्याकाठी सुमारे १,४०० युरो पडत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या सहलीचे खरे मोल कळते.

या सहलींच्या जाहिराती मुख्यतः एकच वस्तू विकतात, ती म्हणजे संथपणा. घाईगर्दीच्या जगातून सुटका, काठावरची झाडे, पाण्यात पडलेली त्यांची सावली, दूरवर दिसणारा एखादा चर्चचा मनोरा. हे सारे सुंदर आहे, यात शंका नाही. परंतु हा संथपणा निसर्गाने दिलेला नाही. कालवा म्हणजे नदी नव्हे. तो फावड्याने आणि टोपलीने खोदावा लागतो, त्यात पाणी आणून सोडावे लागते, आणि ते पाणी टिकवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या माणसे राबावी लागतात. जाहिरातीच्या चित्रात झाडे दिसतात, पाणी दिसते, मद्याचा पेलाही दिसतो. दिसत नाहीत ती केवळ ही माणसे.

कालवा कोणी खोदला?

मिदी कालव्याच्या काठी पिएर-पोल रिके याचे नाव सर्वत्र ऐकू येते. चौदाव्या लुईच्या राज्यात लांगदोक प्रांतातील मिठावरचा कर वसूल करण्याचा मक्ता या गृहस्थाकडे होता. १६६६ साली राजाज्ञा निघाली आणि १६८१ साली कालवा खुला झाला. तत्पूर्वी काही महिने, १६८० साली, रिके मरण पावला. तुलूझपासून भूमध्य समुद्रालगतच्या तो सरोवरापर्यंत सुमारे २४० किलोमीटर लांबीचा हा जलमार्ग त्या शतकातील स्थापत्याचा चमत्कार मानला जातो. १९९६ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारशात समावेश केला.

रिकेच्या कल्पकतेचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण कामाच्या ऐन भरात सुमारे बारा हजार माणसे या कालव्यावर राबत होती आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ चंद्रा मुकर्जी यांनी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या स्त्रियांकडे लक्ष वेधले आहे. पिरेनीज पर्वताच्या खेड्यांतून आलेल्या या मजूर बायांना डोंगरउतारावरून पाणी कसे वळवावे, पाट कसा काढावा, याचे परंपरेने चालत आलेले ज्ञान होते. म्हणजे त्यांनी केवळ माती वाहिली नाही. त्यांनी बुद्धीही पुरवली. इतिहासाने मात्र मक्तेदाराचे नाव कोरून ठेवले आणि त्यांची नावे पाण्यावर लिहिली. ज्या कराच्या वसुलीतून रिकेची संपत्ती उभी राहिली, तो करही गरिबांच्या जेवणातील मिठावरचा होता, ही गोष्टही विसरता येण्याजोगी नाही.

क्लाम्सीचा पूल

बर्गंडीतील निव्हर्ने कालवा हा या सहलींचा दुसरा लाडका मार्ग. त्याचे काम १७८४ साली सुरू झाले आणि क्रांती, युद्धे व पैशाची टंचाई यांतून रखडत रखडत ते १८४० च्या दशकात पुरे झाले. हा कालवा प्रवाशांच्या सुखासाठी निघालेला नव्हता. पॅरिसला सरपण हवे होते आणि ते मॉर्व्हांच्या जंगलात होते. त्याआधी कित्येक पिढ्या हे लाकूड ओढ्यांतून सोडून दिले जाई, क्लाम्सी गावाशी ते गोळा करून त्याचे लांबच लांब तराफे बांधले जात, आणि योन व सेन या नद्यांवरून ते राजधानीकडे हाकले जात. गारठलेल्या पाण्यात कमरेइतके उभे राहून हे काम करणाऱ्या कामगारांच्या जिवावर पॅरिसच्या शेगड्या पेटत होत्या.

२ डिसेंबर १८५१ रोजी लुई बोनापार्तने प्रजासत्ताकाचा गळा घोटला, तेव्हा त्याविरुद्ध हत्यार उचलणाऱ्या गावांत क्लाम्सी पुढे होते, आणि त्या उठावात हे लाकूडवाले कामगार सामील होते. उठाव चिरडला गेला. अनेकांना अल्जीरियात आणि गियानातील कायेन येथे काळ्या पाण्यावर धाडण्यात आले. त्याच घटनांचे विश्लेषण मार्क्सने १८५२ साली ‘लुई बोनापार्तची अठरावी ब्रूमेर’ या ग्रंथात केले. आज क्लाम्सीच्या पुलावर लाकूड वाहणाऱ्या कामगाराचा पुतळा उभा आहे. पाहुण्यांची बार्ज याच परिसरातून जाते. त्या पुतळ्याकडे पाहणाऱ्या पाहुण्याला ही हकीकत कोणी सांगते काय, हा प्रश्न अप्रस्तुत नाही.

क्लाम्सीशी भारतीय वाचकाचेही एक नाते आहे. १८६६ साली याच गावी रोमां रोलां जन्मले. गांधीजींची ओळख युरोपला करून देणारे चरित्र त्यांनी १९२४ साली लिहिले. रामकृष्ण व विवेकानंद यांच्यावरही लिहिले. या मातीतील रांगड्या कारागिराला त्यांनी ‘कोला ब्रन्यों’ या कादंबरीचा नायक केले. १९४४ च्या डिसेंबरात त्यांचा अंत झाला तोही जवळच्या व्हेझले गावी. सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत व्हेझलेचे प्राचीन चर्च आवर्जून असते. त्याच गावात राहून गेलेल्या या लेखकाचे नावही तेथे तितक्याच आवर्जून घेतले गेले पाहिजे.

बार्जवाल्यांचे काय झाले?

१८७९ साली मंत्री फ्रेसिने यांच्या कायद्याने फ्रान्सच्या मुख्य कालव्यांवरील जलपाशांचे माप ठरवून दिले. जलपाश म्हणजे दोन दरवाजांमधील पाण्याचा हौद. त्यात पाणी भरून नाव वर चढवायची आणि पाणी सोडून ती खाली उतरवायची. हौदाची लांबी ३९ मीटर आणि रुंदी ५.२० मीटर ठरली, आणि त्या मापात बसणारी बार्ज देशभर रूढ झाली. तिच्यावर संपूर्ण कुटुंब राहत असे. मुले तेथेच जन्मत आणि तेथेच वाढत. यंत्रे येण्यापूर्वी घोडा परवडत नसेल तर नवरा-बायको आणि मुले छातीला पट्टा बांधून काठावरून बार्ज ओढीत. आज पाहुणे ज्या रम्य पायवाटेवर सायकल फिरवतात ती मुळात या ओढण्याच्या कामासाठी झालेली वाट आहे. या जीवनाचे दर्शन झां व्हिगोने १९३४ साली ‘लातालांत’ या चित्रपटात घडवले.

या छोट्या बार्जवाल्यांना एक संरक्षण होते. माल वाटपाच्या ठिकाणी आलेल्या क्रमाने प्रत्येकाला खेप मिळे आणि दर ठरलेले असत. युरोपीय समुदायाच्या धोरणानुसार ही पद्धत २००० साली मोडीत निघाली आणि वाहतूक खुल्या बाजाराच्या हवाली झाली. लोहमार्ग, मालमोटारी आणि मोठ्या नौका यांच्या स्पर्धेत आधीच खचलेला लहान बार्जवाला आणखी एकाकी पडला. त्यांच्या कुटुंबांनी उपजीविका गमावली आणि बार्ज भंगारात तरी गेल्या किंवा तरंगती हॉटेले तरी झाल्या. ज्या कोठीत एकेकाळी अडीच-तीनशे टन माल मावे, त्या कोठीत आता बारा पाहुणे मावतात.

खर्च कोणाचा, सुख कोणाचे?

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. १९६० च्या दशकात हा सहलींचा व्यवसाय सुरू झाला तेव्हा अनेक अरुंद कालवे मालवाहतुकीअभावी मरणपंथाला लागले होते. पर्यटक आले म्हणून ते जिवंत राहिले; काठच्या गावांत दुकाने चालली, मद्य विकले गेले, तरुणांना काम मिळाले. हे सर्व खरे आहे. परंतु कालवा जिवंत ठेवण्याचा मुख्य भार कोणावर आहे, हे पाहिले पाहिजे.

फ्रान्सचे सुमारे ६,७०० किलोमीटर जलमार्ग १९९१ साली स्थापन झालेल्या एका सार्वजनिक संस्थेच्या ताब्यात आहेत. गाळ काढणे, बांध दुरुस्त करणे, जलाशय राखणे, जलपाशांचे दरवाजे चालवणे, ही कामे तिचे कामगार करतात. २००६ साली मिदी कालव्याच्या काठच्या प्लेन वृक्षांवर प्राणघातक बुरशीचा रोग आढळला. तेथे सुमारे ४२,००० प्लेन वृक्ष होते. त्यांपैकी हजारो तोडून नव्या जातींची झाडे लावावी लागली. २०२२ च्या दुष्काळात पाण्याअभावी काही कालव्यांवरील वाहतूक थांबवावी लागली. असे प्रसंग निभावण्याचा बोजा मुख्यतः सार्वजनिक तिजोरीवर पडतो. आणि याच काळात काटकसरीच्या नावाखाली जलपाशरक्षकांची पदे घटत गेली, दरवाजे दुरून यंत्राने चालू लागले आणि रक्षकांची कित्येक घरे रिकामी पडली. सार्वजनिक श्रमावर उभा राहिलेला संथपणा खासगी नफ्यासाठी विकला जातो आणि तो टिकवणारा कामगार मात्र ‘अनावश्यक खर्च’ ठरतो, असा हा व्यवहार आहे.

बार्जवरील नोकरांची स्थिती वेगळी नाही. एप्रिल ते ऑक्टोबर हा त्यांचा हंगाम. राहणे बार्जवरच असल्यामुळे न्याहारीपूर्वी सुरू झालेला दिवस रात्रीच्या भोजनानंतरच संपतो. पाहुण्यांना विश्रांती मिळते ती याच माणसांच्या जागरणातून. आणि त्यांच्या मिळकतीचा एक भाग पाहुण्यांच्या खुशीच्या बक्षिसीवर सोपवलेला असतो.

विश्रांतीवर कोणाचाच हक्क नसावा, असा याचा अर्थ मुळीच नाही. फ्रान्सच्याच कामगारवर्गाने हा हक्क जगाला शिकवला आहे. १९३६ च्या मे-जूनमध्ये लक्षावधी कामगारांनी कारखाने ताब्यात घेऊन संप केला आणि जनआघाडीच्या सरकारने दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा केला. त्या उन्हाळ्यात ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता अशी कुटुंबे सवलतीच्या रेल्वे तिकिटावर किनाऱ्याला पोहोचली. १९५६ साली तिसरा, १९६९ साली चौथा आणि १९८२ साली पाचवा आठवडा मिळाला. यांपैकी काहीही आपोआप पदरात पडले नाही. तरीही आज त्याच देशात दर दहांपैकी जवळजवळ चार माणसे वर्षभरात सुट्टीसाठी घराबाहेर पडू शकत नाहीत. रजा कायद्याने मिळाली. पण ती घालवण्यासाठी लागणारा पैसा कायद्याने मिळाला नाही.

म्हणून प्रश्न बार्जवर बसून मद्याचा घोट घेणाऱ्या बारा पाहुण्यांचा नाही. कालवा कोणासाठी राखायचा, हा खरा प्रश्न आहे. जलपाशरक्षकांची पदे भरली, लहान बार्जवाल्याला खेप आणि रास्त दर यांची हमी दिली, काठावर कामगार कुटुंबांना परवडतील अशी विश्रांतिगृहे उघडली, तर हाच कालवा मालही वाहील आणि माणसेही. ओढण्याची वाट आजही सर्वांना विनामूल्य खुली आहे. जी वाट कष्टकऱ्यांनी छातीच्या पट्ट्याने तुडवली, तिच्यावरून त्यांच्या नातवंडांनी मोकळ्या हाताने चालावे आणि पाण्यावरही त्यांचा तितकाच हक्क असावा, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही. ज्यांनी कालवा खोदला, त्यांचाच त्यावर पहिला अधिकार आहे.