६१७४

घरांतील मुलें वजाबाकीस कंटाळतात, त्यांस कोणतीं उदाहरणें द्यावींत, असें एका वाचकबंधूंनीं विचारिलें आहे. आम्ही म्हणतों, ६१७४ ही संख्या द्यावी.

कोणतीहि चार अंकी संख्या घ्यावी. चारहि अंक सारखे मात्र नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमानें मांडावे, मग चढत्या क्रमानें मांडावे, आणि मोठ्या संख्येंतून लहान वजा करावी. येईल त्या बाकीवर पुन्हां तीच कृति. शून्य आल्यास टाकूं नये. १९०५ घेऊं: ९५१० मधून ०१५९ गेले, ९३५१ राहिले. पुढें क्रमानें ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या खेपेस ६१७४. आतां ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी ६१७४ च! सातांहून अधिक खेपा कोणत्याहि संख्येस लागत नाहींत.

१९०५ हें साल आम्हीं मुद्दाम घेतलें. त्या सालीं डहाणूस दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीस शाळामास्तर होते, आणि १९४९ त त्यांनीं हा शोध लाविला. अंकांचा पोरखेळ म्हणून कित्येक विद्वानांनीं त्याकडे काणाडोळा केला; १९७५ त अमेरिकेंतील मार्टिन गार्डनर यांनीं आपल्या सदरांत लिहिलें, तेव्हां जगांत त्यांचें नांव झालें. जन्मभर मास्तरकी केलेल्या आम्हांस याचें अंमळ अधिक वाटतें, हें लपवीत नाहीं.

दशमान पद्धति सोडली तर ६१७४ ची ही किमया उरत नाहीं, असा आक्षेप आहे. तो खरा, पण तेवढ्यानें हा पोरखेळ ठरत नाहीं, कारण येथें सिद्धता आहे. उतरत्या क्रमांतील पहिल्या व शेवटच्या अंकांच्या अंतरास ९९९ नीं गुणावें, मधल्या दोहोंच्या अंतरास ९० नीं गुणावें; दोहोंची बेरीज हीच बाकी. १९०५ मध्यें ८९९१ अधिक ३६० मिळून ९३५१. आतां पहिलें अंतर १ ते ९ पर्यंतच असणार, आणि दुसरें पहिल्याहून मोठें असूं शकत नाहीं. तेव्हां पहिल्या खेपेनंतर संभवणाऱ्या बाक्या अवघ्या ५४! तेवढ्या तपासल्या कीं हजारों संख्यांचा निकाल लागला. दोन भावंडांनीं वांटून घेतल्यास हें काम एका सुटींत होण्यासारखें आहे.

जी संख्या आपल्या अंकांच्या बेरजेनें निःशेष भागली जाते, तिला कापरेकरांनीं ‘हर्षद’ म्हटलें. हर्ष देणारी ती हर्षद. समास निर्दोष आहे. ६१७४ स्वतः हर्षदच. अंकांची बेरीज १८, आणि भागाकार ३४३, म्हणजे ७ चा घन. शिवाय १८, त्याचा वर्ग ३२४ व घन ५८३२ यांची बेरीजहि ६१७४ च होते.

तीन अंकी संख्यांस हीच कृति ४९५ वर नेते. दोन अंकींस असें घर नाहीं; ८१, ६३, २७, ४५, ०९ हें चक्र फिरत राहतें. पांच अंकींचें काय होतें, तें मोठ्या मुलांनीं करून पाहावें. कागद मात्र पुष्कळ लागेल.