हरलेला दावा सरकार किती वेळा लढणार?

नियंत्रण रेषेजवळ जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत गस्त घालीत असताना एका नायकाला श्वास घेणे अशक्य झाले आणि हृदयक्रिया बंद पडून त्याचा अंत झाला. ही २०१३ सालची घटना. सैन्याने प्रारंभी या मृत्यूची नोंद ‘युद्धजन्य हानी’ अशी केली आणि पुढे ती बदलून नुसती ‘शारीरिक हानी’ अशी केली. शब्द एकच बदलला. परंतु त्या एका शब्दामुळे त्याची विधवा वाढीव दराच्या कुटुंब निवृत्तिवेतनाला मुकली. २०१९ साली सशस्त्र सेना न्यायाधिकरणाने तिला ते मंजूर केले. हे प्रकरण येथेच संपावयास हवे होते. तथापि भारत सरकारला हा पराभव मानवला नाही. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. ३ डिसेंबर २०२४ रोजी न्या. अभय ओक व न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने सरकारचे अपील फेटाळले, या स्त्रीला न्यायालयापर्यंत ओढण्याचे काही कारणच नव्हते असे बजावले आणि खर्चापोटी तिला ५०,००० रुपये देण्याचा हुकूम केला.

हा दंड सरकारने भरला याचा अर्थ तो सरकारी तिजोरीतून गेला. ज्या टेबलावर अपिलाचा निर्णय झाला त्या टेबलामागील कोणाच्याही खिशाला त्याची झळ पोचली नाही. या सगळ्या प्रकाराचे मर्म या एवढ्याशा तपशिलात आहे. जवानाविरुद्ध न्यायालयात जाणे ही आज आपल्याकडे सरकारी कारभारातील सर्वांत निर्धोक कृती होऊन बसली आहे.

एका विधवेच्या दुर्दैवी प्रकरणावरून सरसकट निष्कर्ष काढू नये, असे कोणी म्हणेल. ते खरे असते, जर हे प्रकरण एकटे असते तर. परंतु माजी सैनिकांच्या अपंगत्व निवृत्तिवेतनाचा गेल्या बारा-तेरा वर्षांचा इतिहास पाहिला तर सरकारने एकच दावा पुनःपुन्हा हरून पुनःपुन्हा लढविला असल्याचे आढळून येते.

अपंगत्व निवृत्तिवेतनाची व्यवस्था मुळात फारशी गुंतागुंतीची नाही. जवानाचे अपंगत्व अथवा आजार लष्करी सेवेमुळे उद्भवला असेल, अथवा सेवेमुळे बळावला असेल, तर त्याला सेवेचा भाग आणि अपंगत्वाचा भाग असे दोन अंश मिळून निवृत्तिवेतन मिळते. शंभर टक्के अपंगत्वासाठी अपंगत्वाचा भाग हा अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के असतो. अपंगत्व कमी असेल त्या प्रमाणात तो उतरतो. सेवेमुळे की सेवेविना, हे वैद्यकीय मंडळ ठरविते. वाद आहे तो या एका रकान्यात. ‘सेवेमुळे उद्भवलेला नाही व सेवेमुळे बळावलेलाही नाही’ असे मंडळाने लिहिले की जवानाचा हक्क संपला. ज्याची दहा वर्षेही पुरी झालेली नाहीत अशा जवानाला आजारपणामुळे घरी पाठविले आणि त्या रकान्यात नकार लिहिला, तर पूर्वी त्याच्या हाती किरकोळ उपदानापलीकडे काहीच पडत नसे. पंचविशी-तिशीतला, फेफरे येणारा वा मनाचा तोल गेलेला तरुण अशा रीतीने गावी परत येई. गावाला त्याचे काय करावे ते कळत नसे आणि सरकारच्या दृष्टीने त्याचे प्रकरण मिटलेले असे.

धरमवीर सिंग यांचा खटला याच स्वरूपाचा होता. १९८५ साली ते सिग्नल्स दलात भरती झाले. सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर १९९४ साली अपस्माराच्या कारणाने त्यांना घरी पाठविण्यात आले. अपंगत्व २० टक्के ठरले, पण त्याचा सेवेशी संबंध नाही असा शेरा पडला. उच्च न्यायालयातील एका न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकारच्या अपिलावर तो फिरला. आणि अखेर जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा जवानाच्या बाजूने लावला. १९९४ ते २०१३. जवानाने जितकी वर्षे सैन्यात काढली त्याच्या दुपटीहून अधिक वर्षे त्याची न्याय मागण्यात गेली.

या निकालात न्यायालयाने नवीन असे काही निर्माण केलेले नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. सरकारने स्वतःच केलेले नियम वाचून त्यांचा अर्थ काय तो सांगितला. भरतीच्या वेळी सैन्याचेच डॉक्टर उमेदवाराला तपासतात; त्या वेळी कागदावर कोणत्याही आजाराची नोंद नसेल, तर तो धडधाकट होता असे धरावयाचे. पुढे प्रकृती ढासळली तर ती सेवेमुळे ढासळली असे गृहीत धरावयाचे. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी जवानावर नसून सरकारवर आहे. आणि आजार भरतीच्या वेळी का आढळू शकला नाही याची कारणे मंडळाने लिहून ठेवली पाहिजेत. कारणाविना नुसता शेरा चालणार नाही. यात अन्यायकारक ते काय आहे? ज्याला धडधाकट म्हणून घेतले त्याला मोडका करून परत देताना कारण सांगावे, एवढेच न्यायालयाचे म्हणणे आहे.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१४ मध्ये, राम अवतार खटल्यात दुसरा मुद्दा निकालात निघाला. अपंगत्वाची टक्केवारी ५०, ७५ वा १०० अशी वरच्या टप्प्याला धरण्याची सवलत १९९६ पासून लागू होती. ती सेवेतून मध्येच बाहेर पडावे लागलेल्यांनाच मिळेल, मुदत पुरी करून अपंगत्वासह निवृत्त झालेल्यांना नाही, असा सरकारचा हट्ट होता. सर्वोच्च न्यायालयाने सरकारची शेकडो अपिले एकत्र घेऊन ती फेटाळली. म्हणजे २०१४ अखेर कायद्याच्या दृष्टीने मैदान साफ झालेले होते.

त्या वेळी संरक्षणमंत्रिपदी गोव्याचे मनोहर पर्रीकर होते. सैनिकांशी चाललेली ही कोर्टबाजी थांबली पाहिजे असे त्यांना मनापासून वाटत होते, असे म्हणावयास आधार आहे. २०१५ साली त्यांनी तज्ज्ञांची एक समिती नेमली. निवृत्त सेनाधिकारी तिच्यात होते. कारगिलच्या लढाईत पाय गमावलेले मेजर डी. पी. सिंग होते. समितीने त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात अहवाल दिला आणि निकालात निघालेल्या मुद्द्यांवरील अपिले मागे घ्यावीत असे सुचविले. मंत्र्याची इच्छा, समितीची शिफारस आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ही तिन्ही एका बाजूला असताना दुसऱ्या बाजूची फाइल जिंकते, हा आपल्या राज्यकारभाराचा एक चमत्कारच म्हटला पाहिजे.

पुढे काय झाले ते तर अधिकच उद्बोधक आहे. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयाकडे जाता येणार नाही, असा निकाल २०१५ साली झाला होता. त्यामुळे गरीब जवानाला थेट दिल्लीचे दार ठोठवावे लागे. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कोंडी फोडली आणि उच्च न्यायालयांचे दार पुन्हा खुले केले. हे दार उघडले होते ते सैनिकाच्या सोयीसाठी. त्यातून घाईघाईने आत शिरले मात्र सरकार! न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या अपंगत्व निवृत्तिवेतनाविरुद्ध याचिकांचा पाऊस पडला. २०२५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने अशा सुमारे ३०० याचिका एकदम फेटाळल्या. बारा वर्षांपूर्वी हरलेला दावा तीनशे वेळा लिहून काढण्यास, त्यावर सह्या करण्यास आणि वकील उभे करण्यास किती मनुष्यबळ व पैसा लागला असेल याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

असे का होते? सैनिकांविषयी कोणाच्या मनात आकस आहे म्हणून नव्हे. अपील न करण्याचा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यावर उद्या लेखापरीक्षणाचा आक्षेप येऊ शकतो. अपील करून हरणाऱ्यावर कधीच येत नाही. ‘न्यायालयाने सांगितले म्हणून दिले’ हे वाक्य फाइलवर असले की सगळे सुरक्षित. ते वाक्य मिळेपर्यंत जवान साठीचा सत्तरीला पोचला तरी त्याची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही. २०२३ च्या आरंभी ‘एक हुद्दा एक निवृत्तिवेतन’ योजनेच्या थकबाकीबाबतही हीच मनोवृत्ती दिसून आली होती. न्यायालयाने मुदत घालून दिलेली असताना संरक्षण मंत्रालयाने परस्पर चार हप्त्यांचे परिपत्रक काढले, आणि न्यायालयाच्या संतापानंतरच ते मागे घ्यावे लागले.

सरकारच्या बाजूनेही एक मुद्दा आहे आणि तो नजरेआड करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी ३६ ते ४० टक्क्यांना आणि जवानांपैकी १५ ते १८ टक्क्यांना अपंगत्वाचा लाभ मिळत असल्याचे, आणि त्यात मधुमेह, रक्तदाब अशा राहणीशी निगडित आजारांचे प्रमाण मोठे असल्याचे, महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले होते. २०२३ च्या सप्टेंबरात सरकारने जे नवे, कडक नियम केले त्यांच्या समर्थनार्थ हाच आधार पुढे करण्यात आला. निवृत्तीच्या उंबरठ्यावर अपंगत्व पदरात पाडून घेणारे कोणीच नाहीत असे म्हणण्याचे धाडस खुद्द माजी सैनिकही करणार नाहीत.

परंतु या आकड्यांतूनच एक प्रश्न उभा राहतो. अधिकाऱ्यांचे प्रमाण जवानांच्या दुपटीहून अधिक कसे? बर्फात उभा राहणारा, सामान वाहणारा, वर्षानुवर्षे कुटुंबापासून दूर राहणारा जवान हा अधिकाऱ्यापेक्षा निरोगी असतो काय? की मंडळापुढे आपली बाजू मांडण्याचे सामर्थ्य हुद्द्याबरोबर वाढते? गैरवापर असेल तर तो वैद्यकीय मंडळाच्या खोलीतच थांबविला पाहिजे. तेथे काळजीपूर्वक तपासणी आणि लेखी कारणे यांची सक्ती केली पाहिजे. ती न करता, मंडळाने एका ओळीत फेटाळलेल्या शिपायाशी दहा वर्षे न्यायालयात भांडल्याने एकाही लबाड अर्जदाराला आळा बसत नाही. रोग एका ठिकाणी आणि औषध दुसऱ्याच ठिकाणी, असा हा प्रकार आहे.

समाजाचीही यात एक चूक आहे. पुण्याजवळ खडकीला १९७४ पासून पक्षाघात झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्र आहे. तेथील चाकांच्या खुर्चीतला जवान पाहिला की कोणाचेही मन हेलावते, आणि त्याच्या हक्काविषयी वाद घालण्याची कोणाची छाती होत नाही. वाद होतो तो न दिसणाऱ्या जखमेवर. फेफरे, मनोविकार, हृदयविकार, यांना गोळीची खूण नसते. सियाचिनवर काम केल्यानंतर आकडी येऊ लागलेल्या आणि १९८९ साली घरी पाठविलेल्या एका जवानाला सर्वोच्च न्यायालयाकडून न्याय मिळण्यास २०२५ चा एप्रिल उजाडावा लागला.

आणि हे सारे न्यायालयात गेलेल्यांचे झाले. जे गेलेच नाहीत त्यांचे काय? सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात घरटी सैनिक असलेली गावे अनेक आहेत. तेथल्या एखाद्या म्हाताऱ्या शिपायाने १९९० च्या सुमारास मिळालेला नकाराचा कागद पत्र्याच्या पेटीत ठेवून दिला असेल, तर २०१३ च्या निकालाचा लाभ त्याला आपोआप मिळत नाही. त्याने मुंबईच्या न्यायाधिकरणात अर्ज केला पाहिजे. तेथे तो जिंकला तरी, २००८ च्या तरसेम सिंग निकालानुसार, थकबाकी सर्वसाधारणपणे अर्जापूर्वीच्या तीन वर्षांचीच मिळते. त्याच्या विलंबाची किंमत त्याने भरावयाची. सरकारच्या विलंबाची किंमतही त्यानेच भरावयाची!

यावर उपाय काही अवघड नाही, आणि त्यासाठी नवा कायदाही नको. निकालात निघालेल्या मुद्द्यांवरील प्रलंबित याचिका एका आदेशाने मागे घेता येतील. यापुढे अपील करावयाचे तर हा प्रश्न जुन्या निकालाहून वेगळा कसा, हे अधिकाऱ्याने आपल्या नावानिशी फाइलवर लिहावे. सेवामुक्त जवानांचे वैद्यकीय कागद अभिलेख कार्यालयांकडे ठेवले जातात. जुन्या नकारांची छाननी त्यांनी स्वतः होऊन करावी आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांमार्फत त्या जवानाला अथवा त्याच्या पत्नीला कळवावे. पर्रीकरांच्या समितीचा अहवाल समोर असताना नवी समिती नेमण्याचेही कारण नाही.

हे लौकर करण्यास आणखी एक निकड आहे. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांच्या सेवेला निवृत्तिवेतनच नाही. अपंगत्व आले तर त्याच्या प्रमाणानुसार ४४, २५ वा १५ लाख रुपये एकरकमी मिळावयाचे. पण ते अपंगत्व सेवेमुळेच आल्याचे मंडळाने मान्य केले तर. मंडळाने तोच जुना एक ओळीचा शेरा मारला तर त्या विशी-बाविशीच्या मुलाला या रकमेतला एक रुपयाही मिळणार नाही. धरमवीर सिंगांप्रमाणे एकोणीस वर्षे तो लढू लागला, तर निकाल लागेतो त्याने चाळिशी गाठलेली असेल.