घोडा घ्यायचा तर आधी सईसाला भेटा

गेल्या शुक्रवारी इथे बहारीनमध्ये, बुदैयाच्या एका तबेल्यात मनस्ताप झाला. आमच्या एका स्नेह्यांना संध्याकाळी खजुराच्या बागांच्या कडेने आणि हिवाळ्यात साखीरच्या वाळूत फेरफटका मारायला शांत घोडा हवा आहे. सारंगखेड्याच्या दत्तयात्रेतल्या घोडेबाजाराबद्दल मी या सदरात कितीदा लिहिलंय, ते त्यांच्या लक्षात होतं. म्हणून मला सोबत नेलं.

आम्ही पोचलो तेव्हा घोडा खोगीर चढवून तयार उभा. "अगदी गरीब, लहान मूलही बसेल," विक्रेता म्हणाला. मी तंगाखाली बोटं घातली. केस घामानं चिकट आणि अजून गरम. आम्ही येण्याआधी त्याला चांगलंच पळवलेलं होतं. दमवलेला कुठलाही घोडा गरीबच दिसतो. या लबाडीचा मला संताप येतो. फसतं ते गिऱ्हाईक आणि सोसतो तो घोडा.

बहारीनला अरबी घोड्यांची परंपरा मोठी. इजिप्तच्या अब्बास पाशानं १९व्या शतकात इथल्या खलिफा घराण्याकडून घोडे मिळवले होते आणि राजघराण्याच्या पागेत जुनी वाणं आजही जपली जातात. साखीरला शर्यती होतात, लांब पल्ल्याच्या एन्ड्युरन्स स्पर्धाही होतात. साहजिकच, शर्यतीतून निवृत्त झालेले घोडेही विक्रीला येतात. वेगासाठी घडवलेलं ते जनावर मागून डंपरचा हॉर्न वाजल्यावर नवख्या स्वाराच्या हाती राहीलच असं नाही.

म्हणून आधी न कळवता जावं. घोडा ठाणावरून सोडण्यापासून खरारा करून खोगीर चढवेपर्यंत सगळं समोर करायला सांगावं. पहिली मांड विक्रेत्यानं टाकावी, तीही रस्त्यावर. वय कागदाइतकंच दातांत पाहावं. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर तपकिरी खाच साधारण १०व्या वर्षी दिसू लागते. पशुवैद्य आपला न्यावा. एन्ड्युरन्समध्ये टप्पा संपल्यावर ठरलेल्या वेळेत नाडी मिनिटाला साधारण ६४ ठोक्यांपर्यंत उतरली नाही, तर घोडा बाद होतो. विकत घेतानाही फेरीनंतर नाडी मोजून घ्यावी.

पण खरी माहिती मिळाली ती सईसाकडून. मालक फोनवर बोलत असताना हा राजस्थानी माणूस घोड्याच्या मानेवर हात ठेवून हिंदीत एवढंच म्हणाला, "साहेब, एकटा बाहेर काढला की हा बुजतो. सोबत दुसरा घोडा लागतो." दोन वाक्यांत सौदा निकालात निघाला. पहाटे चंदी देणारा, खुरातले खडे काढणारा, पोटदुखीच्या रात्री जनावराला चालवत राहणारा हाच माणूस. घोडा कशाला भितो, कुठल्या पायावर लंगडतो, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. तरी व्यवहाराच्या वेळी त्याला खुर्चीही मिळत नाही, हे मला सहन होत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये इथे पारा चाळिशीच्या आसपास असतो, हवा दमट. भर दुपारी उघड्यावर काम करून घ्यायला तेव्हा कायद्यानं बंदी असते. पण घोड्याला पाणी दुपारीही लागतंच. नोव्हेंबरच्या गार वाऱ्यात हौस म्हणून घेतलेले घोडे उन्हाळ्यात पुन्हा विकले जातात. नवा धनी, नवा हात, नवा लगाम. दर फेऱ्यात घोडा अधिक बुजरा होतो.

आमच्या स्नेह्यांनी तो घोडा घेतला नाही, हे योग्यच झालं. तुम्ही घेणार असाल तर एक विनंती आहे: किंमत ठरवण्याआधी सईसाच्या बारा महिन्यांच्या पगाराची तजवीज करा आणि तो वेळेवर द्या. तेवढं जमत नसेल, तर तासाच्या भाड्यानं घोड्यावर बसणं केव्हाही चांगलं.