मनीला व्रत कुणी दिलं?

दिवाळीत साताऱ्याला वन्संकडे गेले होते. त्यांची मनी तीन वर्षं नुसत्या दूधभातावर. "आमची मनी पक्की जैन हो," वन्सं कौतुकानं सांगत होत्या आणि मनी उंबऱ्याला अडखळत होती. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांचा पडदा गेलाय, नजर परत येणार नाही.

मला राग आला, तो अजून गेलेला नाही.

मांजराला टॉरिन लागतं. ते मांस-मासळीत असतं, दूधभातात पुरेसं नसतं, आणि मांजराचं शरीर ते हवं तेवढं बनवत नाही. कमी पडलं की डोळे जातात, हृदयही दुबळं होतं. हृदयाचं हे कारण १९८७ साली अमेरिकेत उजेडात आलं. (आपल्याकडे कांदा-लसूण नाही, एवढंच मनीचं नशीब. ते मांजराला विषच.)

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत, त्यात अन्नपाननिरोध आहे. पोट भरलं पण लागणारं अन्न मिळालंच नाही, तर तोही निरोधच, असं मी म्हणते. कार्तिकेयानुप्रेक्षेत तर मांजर पाळणंच अनर्थदंडात धरलंय. मांजर काय खातं हे त्यांना ठाऊक होतं! मग व्रत घ्यायचं तर मांजर न पाळण्याचं घ्या ना. ते आपलं व्रत. तिच्या ताटलीवर कसलं लादता?

वन्सं रुसल्यात. मनी आता सांगलीत आमच्या शेजारच्या वहिनींकडे असते. दिसत नाही, पण मासळीच्या वासावर वाटीपाशी बरोब्बर येते.